नेमणुकीचे घर

कारखाना, त्यात काम करणाऱ्यांची घरे, रस्ते, पाणी, दिवाबत्ती आणि बहुधा शाळा व दवाखानाही ज्या ठिकाणी एकाच मालकाने उभारलेला असतो, त्या वस्तीला कंपनीचे गाव म्हणतात. महाराष्ट्रात १९१०मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आणि त्यानंतरचे वालचंदनगर ही अशा गावांची ठळक उदाहरणे असून, त्यांच्यामागे एकेका उद्योजकाचे नाव आणि स्वप्न उभे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या प्रकारच्या गावांचा मालक बदलला. शेठ, गिरणीमालक किंवा सावकारी पेढी यांच्या जागी राज्याने कायद्याने स्थापन केलेली मंडळे आणि महामंडळे आली, आणि त्यांनी वसवलेल्या गावांत कोणा पुरुषाचा पुतळा चौकात उभा राहिला नाही. अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातील पारस येथील औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत हे अशा गावाचे वऱ्हाडातील जवळचे उदाहरण होय. औष्णिक म्हणजे कोळसा जाळून पाण्याची वाफ करणारे आणि त्या वाफेवर जनित्र फिरवणारे वीजकेंद्र. त्याच्या यंत्रांची माहिती सरकारी अहवालांत सापडते. परंतु तेथे संसार मांडलेल्या आणि मुले वाढवलेल्या कुटुंबांनी परक्याच्या मालकीच्या घराला आपले घर कसे केले, हा प्रश्न त्या अहवालांच्या कक्षेबाहेर राहिला आहे, आणि तो यंत्रांइतकाच महत्त्वाचा आहे.

या वसाहतीचे मूळ युद्धकाळातील धोरणात शोधावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे युद्धोत्तर पुनर्रचनेतील वीज आणि सार्वजनिक बांधकाम यांविषयीच्या धोरण समितीचे अध्यक्षपद होते, आणि वीजनिर्मिती खासगी कंपन्यांकडे असावी की राज्याने ती हाती घ्यावी, हा प्रश्न त्यांनी १९४३मध्येच समितीपुढे ठेवला होता. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याखेरीज देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांखेरीज शेतीवरचा माणसांचा भार हलका होणार नाही, ही त्या विचारामागची साखळी होती. पुढे १९४८च्या वीजपुरवठा कायद्याने प्रत्येक प्रांतात वीज मंडळ स्थापण्याची वाट मोकळी झाली. तोवर अमरावती आणि अकोला या शहरांना त्या त्या शहरापुरता परवाना घेतलेल्या खासगी वीज कंपन्या वीज पुरवत असत आणि शहराची वेस ओलांडली की कंदील सुरू होत असे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले, आणि लगोलग १९६१मध्ये पारसचा ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. ६२.५ मेगावॉटचा दुसरा संच १९६७मध्ये त्याच्या जोडीला आला. आजच्या मापाने हे आकडे लहान वाटतात. त्या काळच्या वऱ्हाडाला ते लहान नव्हते.

पारसचीच निवड का झाली असावी, याचे उत्तर नकाशावर आहे. कोळशाच्या केंद्राला तीन गोष्टी हाताशी लागतात, त्या म्हणजे कोळसा आणणारा लोहमार्ग, वाफ करायला आणि ती पुन्हा थंड करायला लागणारे पाणी, आणि राख टाकायला जागा. भुसावळ–बडनेरा लोहमार्गावर शेगाव आणि अकोला यांच्या दरम्यान पारस स्थानक आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ल्याच्या बाळापूर शहराला स्वतःचे रेल्वे स्थानक नसल्यामुळे पूर्वीपासून त्या शहराचा उतारूही पारसलाच उतरत असे. मन नदी जवळ, रूळ दारात, आणि भोवती काळ्या मातीची सपाट शेते. त्या शेतांविषयी पुढे लिहायचे आहेच, कारण ती रिकामी जागा नव्हती.

येथे नोकरीला लागलेल्यांत अधिकारी आणि अभियंते बाहेरून आले असले, तरी फिटर, खलाशी, बॉयलर अटेंडंट, कोळसा विभागातील मदतनीस, लिपिक आणि पहारेकरी यांच्यात वऱ्हाडातील शेतकरी व शेतमजूर घरांतील तरुण पुष्कळ होते. कोरडवाहू कापूस, ज्वारी आणि तूर यांवर चालणाऱ्या घरात पैसा वर्षातून एकदाच, दिवाळीनंतर कापूस विकला म्हणजे येतो. १९७२मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाल्यावर भावाची काहीशी हमी मिळाली, परंतु चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हप्त्याहप्त्याने हाती पडत, आणि पुढच्या पेरणीचे बियाणे, सावकाराचे व्याज व मुलीचे लग्न या सगळ्यांची गाठ त्या चुकाऱ्याच्या तारखेशी बांधलेली असे. अशा घरातील मुलगा बोर्डात लागला (वीज मंडळाला वऱ्हाडात सरसकट बोर्ड म्हणत) म्हणजे घरात प्रथमच महिन्याच्या ठरलेल्या दिवशी येणारा पैसा आला. महिन्याचा किराणा एकदम भरता येणे, वाण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला चुकती होणे, मुलाच्या शाळेची फी मागताना आईला बापाच्या तोंडाकडे पाहावे न लागणे, या गोष्टी पगारदार घरात जन्मलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाहीत. ज्याचे बालपण आभाळाकडे पाहण्यात गेले, त्याला मात्र त्या नियमितपणाचे मोल कळते. १९७२च्या दुष्काळात तर वसाहतीतील एका पगारावर गावाकडचे भाऊ, भावजया, म्हातारे आईवडील आणि बैलांचा चारा असा सगळा डोलारा तोलला गेला, आणि म्हणून पारसच्या क्वार्टरमध्ये राहणारे कुटुंब कागदोपत्री चार-पाच माणसांचे असले, तरी त्याच्या पानावर जेवणारे याहून बरेच अधिक होते.

पगाराखालोखाल ज्या गोष्टीने या घरांचे दिवस बदलले, ती पाणी होय. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या पट्ट्यातील भूजल क्षारयुक्त आहे. त्याला खारपाणपट्टा म्हणतात आणि त्यातील शेकडो गावांत बाळापूर तालुक्याच्या काही गावांचाही समावेश होतो. या पट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो, आणि गोड पाण्याची एखादी विहीर किंवा नदीतला झिरा जेथे असेल तेथून बायकांना डोक्यावरून पाणी आणावे लागते. वीजकेंद्रालाही असे पाणी चालत नाही, कारण क्षार बॉयलरच्या नळ्यांत थर धरतात आणि नळ्या फुटतात. तेथे लागणारे पाणी खास संयंत्रात क्षारमुक्त करून घ्यावे लागते. यंत्राच्या या गरजेपायी नदीचे पाणी अडवण्याची, उपसण्याची आणि गाळण्याची व्यवस्था उभी राहिली आणि वसाहतीच्या स्वयंपाकघरातील नळालाही गाळलेले गोड पाणी आले. खारपाणपट्ट्यातून लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी कुकरच्या ठरलेल्या शिट्ट्यांत डाळ मऊ झालेली दिसली असेल, तर तिच्या दृष्टीने नव्या जगाची ओळख तेथूनच झाली. स्वातंत्र्योत्तर विकासाच्या चर्चेत धरणे आणि कारखाने मोजले जातात. वऱ्हाडातील बाईच्या मानेवरून उतरलेली घागर त्या मोजणीत धरली गेली नाही, हे त्या चर्चेचे मोठेच उणेपण आहे.

वसाहतीतील काळ पाळ्यांनी मोजला जाई. बॉयलर विझवून चालत नसल्यामुळे केंद्र दिवसरात्र सुरू असते, आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत माणसे आळीपाळीने कामावर जातात. कार्यालयीन वेळेत काम करणाऱ्यांची ती जनरल पाळी. ज्या घरातील कर्ता पुरुष रात्रपाळी करून सकाळी आला असेल, त्या घरात सकाळी झोपायची वेळ होई आणि शेजारच्या घरात त्याच वेळी शाळेची घाई चाललेली असे. दोन खोल्यांच्या घरात झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून मुलांनी मागच्या अंगणात खेळावे, पाट्या आपटू नयेत, रेडिओचा आवाज अगदी बारीक ठेवावा, असे अलिखित नियम झाले आणि पाळीचा आठवडा फिरला की तेही फिरले. स्वयंपाकाची वेळ, देवपूजेची वेळ, सणाच्या दिवशीचे जेवण, हे सगळे पाळीच्या तक्त्याला विचारून ठरे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ज्याची दुसरी पाळी आली, त्याच्या घरी मुलांनी बाप रात्री परत येईपर्यंत फटाके थांबवून ठेवले, ही गोष्ट या वसाहतींत कोणाला विशेष वाटली नाही. पाळी बदलायला येणारा जोडीदार आला नाही, तर आधीच्या माणसाला जागा सोडता येत नसे आणि त्याला दुहेरी पाळी करावी लागे. तेव्हा डबा पोचवायला शाळकरी मुलगा सायकलवरून फाटकापर्यंत जाई आणि आत न जाता परत येई. बापाचे काम प्रत्यक्ष कसे असते हे वसाहतीतील बहुतेक मुलांनी पाहिले नाही. त्यांनी त्याचे आवाज ऐकले.

त्या आवाजांचे ज्ञान सूक्ष्म होते. केंद्र सुरळीत चालू असताना येणारी संथ घरघर कानाला इतकी सवयीची होते, की ती ऐकू येईनाशी होते. ती थांबली की मात्र झोपलेले मूलही जागे होते. एखादा संच अचानक बंद पडला, ज्याला तेथील लहानथोर सर्वच युनिट ट्रिप झाले असे म्हणत, तर टर्बाइनकडे जाणारी वाफ अडते, बॉयलरमधील दाब वाढतो आणि तो सुटावा म्हणून बसवलेल्या झडपा उघडून वाफ प्रचंड गर्जना करीत बाहेर पडते. पाहुणा आलेला माणूस त्या आवाजाने दचकून उठे. घरातील बाई मात्र पहिल्या गर्जनेलाच आज घरी यायला उशीर होणार हे ओळखून भाकरी टोपल्यात झाकून ठेवी आणि मुलांना वाढायला घेई. बॉयलरची नळी फुटणे हा अपघात जीवावरही बेतू शकतो, म्हणून झाकलेल्या भाकरीच्या त्या शांतपणात भीती नव्हती असे समजू नये. ती बोलून दाखवायची नसते, एवढे त्या घरांनी आपसांत ठरवून घेतले होते.

राखेचेही असेच. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. जाळलेल्या कोळशाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी राख मागे राहते आणि त्यातील बारीक राख धुराबरोबर चिमणीतून वर जाण्याचा प्रयत्न करते. ती विजेच्या भाराने ओढून घेणारी आधुनिक यंत्रे येण्यापूर्वीच्या केंद्रांत बरीच राख आसमंतात उडे. वऱ्हाडात चैत्र-वैशाख हे वाळवणाचे महिने. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक शिजवून कुरडया घालायच्या, ज्वारीचे पापड लाटायचे, मुगाच्या वड्या आणि सांडगे करायचे आणि ते बाजेवर धुतलेले लुगडे अंथरून उन्हात पसरायचे, हा प्रत्येक घरचा उद्योग. पारसच्या बायकांनी या उद्योगात एक नवी पायरी घातली. चीक शिजवायला घेण्याआधी अंगणात येऊन चिमणीच्या धुराकडे पाहायचे आणि धूर कोणत्या दिशेला कलतो आहे यावरून वाळवण मागच्या अंगणात घालायचे की पुढच्या, की आज बेतच रद्द करायचा, हे ठरवायचे. वारा मधेच फिरला तर सगळ्या ओळीतील बायका एकमेकींना हाका मारीत बाहेर येत आणि ज्या घरची बाई दवाखान्यात किंवा बाजारात गेली असेल, तिची बाज शेजारीण उचलून आत नेई. दाराची चौकट, तुळशीचे पान, दोरीवरचे धोतर, मुलांचे केस या सगळ्यांवर करडी भुकटी बसे. ती दिवसातून दोनदा झाडून काढावी लागे, आणि मुलांच्या छातीत ती किती गेली असेल याचा विचार करणारे त्या काळी थोडे होते. मुबलक विजेसाठी दिलेल्या मोबदल्यातील हा हिस्सा त्या घरांनी श्वासावाटे चुकवला, ही वस्तुस्थिती त्यांच्या सुखसोयींच्या बरोबरीने नोंदवली पाहिजे.

क्वार्टरांचे वाटप वेतनश्रेणीनुसार होई. वरच्या श्रेणीला मोठे घर आणि बाग, खालच्या श्रेणीला दोन खोल्यांची सलग ओळ, ही रचना उघड उतरंडीची होती आणि साहेबांच्या बंगल्याकडचा रस्ता कोणता व कामगारांच्या ओळींकडचा कोणता, हे मुलांना शाळेत जायच्या आधीच कळे. तरीही गावाच्या रचनेशी तुलना केली, तर एक मोठा फरक दिसतो. वऱ्हाडातील गावात घर कोठे असावे हे जातीने ठरवलेले असे. येथे ते भरती आणि श्रेणी यांनी ठरवले. त्यामुळे कुणबी घराच्या भिंतीला लागून १९५६नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबाचे घर, त्याच्या पलीकडे बाळापूरचे मुसलमान कुटुंब आणि त्यापुढे माळ्याचे किंवा तेल्याचे, अशी ओळ तयार झाली, आणि भिंती इतक्या पातळ होत्या की एका घरातील खोकला तिसऱ्या घरात ऐकू जाई. जात येथे संपली असे म्हणणे खोटे ठरेल. कोणाच्या घरी पाणी प्यावे आणि कोणाच्या मुलीशी सोयरीक करावी याचे हिशेब वसाहतीतही गावाकडूनच आलेले होते. परंतु ज्या मुलांनी १४ एप्रिलची मिरवणूक आणि गणपतीची आरास एकाच ओळीतून पाहिली, ईदचा शिरखुर्मा ज्यांच्या दारात आला आणि दिवाळीच्या करंज्या ज्यांच्या ताटातून गेल्या, त्यांच्या मनात जातीचा जो आकार तयार झाला, तो त्यांच्या आजोबांच्या मनातील आकारापेक्षा निराळा होता. ही गोष्ट हळूहळू घडली आणि अपुरी घडली. पण ती घडली, आणि डॉ. आंबेडकरांनी विजेच्या प्रश्नाकडे सामाजिक प्रश्न म्हणून पाहिले होते, हे लक्षात घेता ती निव्वळ योगायोगाची म्हणता येणार नाही.

मुलांच्या वाढीत शाळेचे स्थान मोठे होते, कारण या घरांत वारसा म्हणून द्यायला दुसरे काही नव्हते. शेतकरी मुलाला वावर देतो, वाणी दुकान देतो. क्वार्टरमधला बाप मुलाला क्वार्टर देऊ शकत नव्हता. म्हणून अकोल्याच्या महाविद्यालयांकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत पारसची मुले दिसू लागली. पंजाबराव देशमुखांनी १९३०च्या दशकात अमरावतीत उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने बहुजन मुलांसाठी खेड्यापाड्यांत आणि शहरांत शाळा-महाविद्यालये काढलेली होती, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४मध्ये आले आणि पंजाबरावांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९मध्ये अकोल्यात स्थापन झाले. एका पिढीच्या अवकाशात शिक्षणाची ही दारे उघडली आणि वसाहतीतील मुले त्या दारांपर्यंत पोचण्याच्या अंतरावर होती. ज्यांना पदवीपर्यंत जाणे जमले नाही, ते आयटीआय करून १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केंद्रातच उमेदवारीला लागण्याची वाट पाहत. मुली मॅट्रिक होऊन डीएडला गेल्या, परिचारिका झाल्या, पुढे स्वतः बोर्डात लिपिकही झाल्या. या सगळ्याला बापाच्या बदलीचे गालबोट लागे. भुसावळ, परळी, कोराडी, चंद्रपूर ही मंडळाची इतर औष्णिक केंद्रे एकामागून एक उभी राहिली आणि पारसचा अनुभवी माणूस तेथे हवा असे. मग दहावीच्या वर्षात असलेल्या मुलासाठी आईने मागे राहावे आणि बापाने नव्या गावी एकट्याने हात भाजून घ्यावेत, की सगळ्यांनी जावे, हा पेच प्रत्येक घरात कधी ना कधी पडला. तुमचे गाव कोणते, असे कोणी विचारले तर बाप आपल्या जन्मगावाचे नाव सांगे आणि मुले पारसचे. दोघांचेही खरे होते.

याच वऱ्हाडात कंपनीच्या आश्रयाने वाढलेल्या मुलांची दुसरी एक परंपरा होती आणि तिची गती निराळी झाली. बडनेऱ्याची कापडगिरणी १८८०च्या दशकातील, अचलपूरची विदर्भ मिल आणि अकोल्याच्या सावतराम व मोहता या गिरण्या त्यानंतरच्या. कापूस पिकवणाऱ्या मुलखातच कापड विणावे, हा त्यांच्यामागचा हेतू स्वाभाविक होता. गिरणीत बापाच्या जागी मुलगा आधी बदली कामगार म्हणून, म्हणजे कोणी गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणारा हंगामी म्हणून, उभा राहत असे आणि पुढे कायम होत असे. त्यामुळे गिरणी हेच त्या घरांचे वावर बनले आणि शिक्षणाची घाई तेथे तितकी नव्हती. आजारी गिरण्या १९७४च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, आणि ज्या तेव्हा जगल्या त्याही पुढे एकेक करून बंद पडल्या, तेव्हा दोन पिढ्या एकदमच बेकार झाल्या. अचलपूरच्या जुन्या गिरणीच्या जागी मुंबईच्या फिनले मिलच्या नावाने नवी गिरणी उभी राहिली, परंतु २०२०च्या टाळेबंदीत थांबलेली तिची यंत्रे कामगारांच्या आंदोलनांनंतरही पूर्ववत सुरू झाली नाहीत. पारसच्या मुलांना वारसा नसल्यामुळे बाहेर पडावे लागले. गिरणीच्या मुलांना वारसा होता म्हणून ती थांबली. यात कोणाच्या शहाणपणाचा किंवा आळसाचा प्रश्न नाही. मालकाने घर आणि काम यांची गाठ कशी बांधली, त्यावर मुलांचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरले.

वसाहतीच्या कुंपणाबाहेरच्या लोकांचा विचार केल्याशिवाय हे चित्र प्रामाणिक होत नाही. केंद्र, वसाहत, रेल्वेचे फाटे आणि राखेचे तलाव यांसाठी लागलेली जमीन कोणाच्या तरी कापसाची आणि ज्वारीची होती. प्रकल्पासाठी जमीन गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६चा आहे, म्हणजे पारसचे पहिले दोन्ही संच सुरू होऊन बराच काळ लोटल्यानंतरचा. त्यापूर्वी १८९४च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मिळालेली रक्कम घेऊन माणसे गप्प बसली किंवा शेतमजूर झाली. चिमणीच्या सावलीतील गावांत वीज पोचायला उशीर झाला आणि पोचल्यावरही ती टिकली नाही. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे आणि तेव्हा उजेडात न्हालेली वसाहत आजूबाजूच्या अंधारातून दुरूनही दिसे. वसाहतीत दूध घालणारा, भाजी आणणारी, धुणीभांडी करणारी माणसे याच गावांतून येत. त्यांच्या मुलांनी वसाहतीच्या मैदानावर क्रिकेट पाहिले आणि कधी कधी खेळलेही. पण गोड पाण्याचा नळ कुंपणाच्या आतच राहिला.

५८व्या वर्षी निवृत्ती आली की घर सोडावे लागे. ठरलेल्या मुदतीपलीकडे राहिल्यास दंडाच्या दराने भाडे कापले जाई आणि पंखे, दिवे, नळ, काचा मोजून दिल्यावर ना-देय दाखला हाती पडे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन मंडळाच्या कर्मचाऱ्याला नव्हते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची एकरकमी पुंजी मिळे आणि तिच्यातून मुलीचे लग्न, मुलाची नोकरीची धडपड आणि म्हातारपणाचे घर हे सगळे भागवायचे असे. अंगणात लावलेला शेवगा, पपई, कढीपत्ता आणि वीस-पंचवीस वर्षांचा आंबा मागे राही. याच्याशी ताडून पाहण्यासारखी एक गोष्ट अमेरिकेत घडली आहे. अणुबाँबच्या कामासाठी १९४०च्या दशकात तेथील सरकारने ओक रिज आणि रिचलंड ही गावे वसवली, घरे नेमणुकीनुसार दिली आणि मालकी स्वतःकडे ठेवली; परंतु १९५५मध्ये कायदा करून ती घरे तेथे राहणाऱ्यांनाच विकत घेण्याची मुभा देण्यात आली आणि कंपनीची गावे साधी गावे झाली. पारसमध्ये तसे करणे शक्य नव्हते, कारण घर विकले तर त्या जागी येणाऱ्या पुढच्या बॉयलर अटेंडंटने राहावे कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि मंडळाची बाजू येथे न्याय्य आहे. मात्र मंडळाच्या मालकीच्या जमिनीपैकी थोडी तरी निवृत्तांच्या गृहनिर्माण संस्थांसाठी वेळीच राखून ठेवली असती, तर अनेक जोडप्यांना उतारवयात अकोल्याच्या गौरक्षण रोडला किंवा अमरावतीच्या एखाद्या नव्या ले-आउटमध्ये, ओळखीचा चेहरा नसलेल्या गल्लीत, नव्याने सुरुवात करावी लागली नसती. अकोल्याहून शेगावच्या गजानन महाराजांच्या दर्शनाला जाताना पारस स्थानकावर गाडी थांबली, की या वसाहतीत वाढलेली, आता पुण्यात स्थायिक झालेली मुले खिडकीतून आपल्या लेकरांना चिमणी दाखवतात. दाखवायला घर नसते, कारण त्यात दुसरेच कोणी राहत असते किंवा ते पाडलेले असते.

जून २००५मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन पारसचे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. जुने दोन्ही संच आता मोडीत निघाले असून २००८ आणि २०१०मध्ये सुरू झालेले २५० मेगावॉटचे दोन संच त्यांच्या जागी चालतात. पहिल्या संचाच्या तुलनेत एकेक संच आठपटीहून मोठा असला, तरी त्या प्रमाणात कायम माणसे वाढलेली नाहीत. कोळसा उतरवणे, राख वाहणे, सफाई आणि दुरुस्तीची कामे बहुतांशी कंत्राटी कामगार करतात, आणि कायम कर्मचाऱ्यांपैकीही बरेचजण मुलांच्या शाळा आणि शिकवण्या यांसाठी अकोल्यात घर करून तेथून रोज ये-जा करतात. कंत्राटी कामगाराला क्वार्टर नाही, ठरलेली बढती नाही आणि कंत्राटदार बदलला की नोकरी पुढे राहील याची खात्री नाही. तो पारस गावात किंवा बाळापुरात भाड्याच्या खोलीत राहतो, रात्रपाळी करून येतो, आणि त्याची मुलेही दिवसा तो झोपलेला असताना बाहेर खेळतात. १९६१मध्ये त्याच्याच वयाच्या शेतकऱ्याच्या मुलाला याच फाटकातून आत गेल्यावर पगार, पाणी, शाळा आणि शेजार हे सगळे एकत्र मिळाले होते आणि त्या बळावर एका पिढीने आपली मुले उभी केली. आज तीच कामे करणाऱ्याच्या मुलांना यांपैकी काय मिळावे, हे ठरवण्याचा अधिकार अजूनही महानिर्मितीकडे आणि राज्य सरकारकडे आहे, आणि कंत्राटी कामगारांच्या संघटना तो प्रश्न अनेक वर्षे त्यांच्यापुढे मांडत आहेत.